पार्टी पळवण्याच्या नादात गिऱ्हाईक भरडतंय : कोल्हापुरातील जमीन-घर एजंटांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांत जमीन, प्लॉट, फ्लॅट, भाड्याच्या जागा यांचे व्यवहार करणाऱ्या सर्व एजंट बंधू-भगिनींना,
तसेच आपल्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. राजारामपुरीत ऑफिस आहे. तुमच्यापैकी अनेकांबरोबर सौदे केलेत, दलाली वाटून घेतली आहे. हे पत्र बिल्डरांबद्दल नाही आणि सरकारी कार्यालयांबद्दलही नाही. त्यांच्याबद्दल आपण रोज चहाच्या गाड्यावर बोलतोच. आपण एकमेकांशी कसं वागतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे.

आपल्या धंद्यात आज जो एजंट कागद तपासायला वेळ घेतो, त्याचा सौदा जातो. जो तपासत नाही, तो टोकन घेऊन मोकळा होतो. सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) येईपर्यंत, वकिलाचं मत मिळेपर्यंत जे आठ-दहा दिवस जातात, त्या दिवसांत दुसरा कोणीतरी पार्टी, म्हणजे आपलं गिऱ्हाईक, फोडतो. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला त्याचीच शिक्षा मिळावी, अशी व्यवस्था आपण आपल्या हातांनी उभी केली आहे. मला हे मनापासून टोचतं. म्हणून जाहीर लिहितोय.

आपल्या एजंटांच्या मोबाईल ग्रुपवर काय चालतं ते बघा. एखाद्यानं पाचगाव किंवा मोरेवाडीच्या बाजूचा प्लॉट टाकला की पाच मिनिटांत खाली विचारणा येते, "गट नंबर?" विचारणाऱ्याकडे पार्टी असतेच असं नाही. गट नंबर हातात आला की पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. मालकाचं नाव, सहहिस्सेदार, बोजा, इतर हक्क, सगळं समोर. संध्याकाळी हा माणूस गावात मालकाच्या सोप्यात बसलेला. "काका, तुमचा प्लॉट त्यो साऱ्या गावभर फिरवतोय. काय रेट सांगितलाय त्याला? मी गुंठ्याला लाखभर जास्त काढून देतो. फकस्त त्याला आत्ताच काय बोलू नका." दुसऱ्या दिवसापासून मालक पहिल्या एजंटाचा फोन घेत नाही. ज्यानं चार महिने त्या जागेमागे घातले, मोजणीच्या खुणा शोधून दिल्या, वाटेचा प्रश्न शेजाऱ्याशी बोलून सोडवला, त्याच्या हातात काहीच राहत नाही.

यात एजंटाचं नुकसान होतं हे खरं, पण त्याहून मोठं नुकसान मालकाचं आणि घेणाऱ्याचं होतं. रंकाळ्याच्या पलीकडच्या भागातलं एक घर मला आठवतं. निवृत्त शिक्षक दाम्पत्य. मुलगी पुण्यात, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, त्यामुळे घर विकून तिकडे जायचं ठरलेलं. एका एजंटानं ७५ लाखांना चांगली पार्टी आणली. नवराबायको दोघंही नोकरदार, बँकेत कर्जाची फाईल तयार, पाचशेच्या स्टॅम्पवर इसार पावती (आगाऊ रकमेची पावती) झालेली. आठवड्याभरात दुसरा एजंट काकांच्या घरी गेला. "माझ्याकडं पंच्याऐंशीची पार्टी तयार हाय, गडबड कशाला करताय?" काकांनी इसार परत केला. त्या नवराबायकोचं कर्ज मंजूर होऊन वाया गेलं, प्रोसेसिंगचे पैसे गेले.

पंच्याऐंशीची पार्टी कधीच आली नाही. दर रविवारी ती "येणार" असायची. पावसाळा गेला, दसरा गेला. मग त्याच एजंटानं ६८ लाखांची पार्टी आणली आणि वर काकांनाच ऐकवलं, "घर बाजारात लई दिवस पडलंय, लोकांना शंका येती." काकांच्या गुडघ्याला आणखी थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी सही केली. दुसऱ्या एजंटाला दोन्हीकडची दलाली मिळाली.

कायद्यानं यात गुन्हा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. इसार परत झाला, सह्या मालकानंच केल्या. तरी सात लाख रुपये एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशातून गेले, ते एका खोट्या आकड्यामुळे. हा खोटा आकडा सांगून सौदा मोडायची युक्ती आपल्यात इतकी मुरली आहे की नवीन पोरं ती धंद्याचा भाग म्हणूनच शिकतात.

आता पुराबद्दल. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण कोल्हापुरात तरी या विषयात खोटं बोलण्याला माफी नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर चढलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली, रमणमळा, या भागांत काय झालं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तेव्हा लोकांचं सामान खांद्यावरून बाहेर काढलं. त्यानंतर जागा बघायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो, "इथं पाणी येतं का?"

या प्रश्नाचं आपण काय करतो? आपल्या हातातली जागा असेल तर, "गेटपर्यंत आलं होतं, आत न्हाई." भिंतीवरचा गाळाचा पट्टा दिसू नये म्हणून मालकाला आधी रंग मारून घ्यायला सांगतो. आणि जागा दुसऱ्या एजंटाकडची असेल तर नेमकं उलट. कसबा बावडा रस्त्याच्या बाजूला एका इमारतीत दोन्ही पुरांत पार्किंगमध्येसुद्धा पाणी आलं नव्हतं. तिथला एक फ्लॅट ठरत आला असताना घेणाऱ्याच्या मोबाईलवर एक फोटो गेला. गल्लीत बोट, गच्चीवर माणसं. "साहेब, तुम्ही घेताय ती हीच बिल्डिंग." फोटो खरा होता, पण भलत्याच गल्लीतला. कुटुंब घाबरलं, सौदा मोडला. त्या इमारतीला मात्र "पुरातली बिल्डिंग" हे नाव कायमचं चिकटलं. त्याच इमारतीतल्या आणखी एका बाईंना नंतर मुलाच्या शिक्षणासाठी फ्लॅट विकायचा होता, त्यांनाही तेच ऐकावं लागलं. एका सौद्यासाठी पसरवलेली अफवा त्या इमारतीतल्या प्रत्येक घराची किंमत खाते, याचा विचार ती पाठवणाऱ्यानं केला नसणार.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळतं. जलसंपदा विभागानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटींवर परवानगी. नगररचना विभागाकडून झोन दाखला काढता येतो, पूररेषेच्या नकाशावर सर्व्हे नंबर बघता येतो. आणि त्याच्याही पलीकडे, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं तर तो कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं ते हात लावून दाखवतो. गिऱ्हाईकाला तिथं घेऊन जा. जागा तुमची असो की दुसऱ्याची, उत्तर तेच द्या. रेषा एजंट बघून सरकत नाही.

तिसरा प्रकार हरकतीचा. हा सगळ्यात घातक, कारण यात आपण लोकांच्या घरात भांडणं लावतो. सौदा हातातून गेला की हरलेला एजंट मालकाचा एखादा चुलतभाऊ किंवा लग्न होऊन गडहिंग्लज-निपाणीकडे गेलेली बहीण शोधून काढतो. "ताई, तुमाला न विचारता विकाय लागल्यात." वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला हरकत जाते. खरेदीखत झालं असेल तर फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायच्या नोंदीला, हरकत टाकतात, मग ती तक्रारी नोंद होऊन महसूल अधिकाऱ्यापुढे सुनावण्यांत अडकते. घेणाऱ्याचे पैसे गेलेले, सातबाऱ्यावर नाव नाही, बँक पुढचा हप्ता सोडत नाही.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो मुलांच्या बरोबरीचा झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंकाही काढल्या. त्यामुळे बहिणीनं हरकत घेणं यात गैर काहीच नाही. गैर हे आहे की तिचा हक्क आपल्याला पहिल्या दिवशी दिसतो, तेव्हा आपण गप्प बसतो. आपला सौदा असेल तर "बहिणींचं बघून घेऊ" म्हणतो, आणि दुसऱ्याचा असेल तर तिच्या दारात जाऊन उभे राहतो. तिच्या हक्काची चाड असती तर दोन्ही वेळेला एकसारखं वागलो असतो. कित्येकदा तर हरकत मागे घेण्यासाठी पैसे मागितले जातात, आणि त्यातला थोडाच भाग त्या बहिणीपर्यंत पोचतो.

गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या जाणाऱ्या जमिनीत तर कागद बघण्याचा विषयच संपल्यासारखा झाला आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारा पोरगा आयुष्याची बचत घेऊन एक गुंठा शोधायला येतो. एक एजंट त्याला सांगतो की हा प्लॉट एनए (बिगरशेती) नाही, तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंधनात, अडकेल का, खरेदीखत नोंदवता येतं का ते आधी बघू. दुसरा म्हणतो, "कशाला त्याच्या नादाला लागतोस, आज नोटरी करून ताबा देतो." पोरगा दुसऱ्याकडे जातो. नोटरीच्या कागदानं मालकी मिळत नाही, त्यासाठी खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. त्या पोराला माहीत नसतं. पुढे घराला कर्ज मागायला गेला की बँकेत त्याला पहिल्यांदा कळतं.

भाड्याच्या जागांचं थोडक्यात सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून वकील येऊ लागले, त्यांना ऑफिस आणि राहायला जागा हव्यात. ही आपल्या सगळ्यांना मिळालेली संधी आहे. पण करार होऊन दोन महिने झाले नाहीत तोवर मालकाला "तुमचं भाडं लई कमी लागलंय" असं सांगून भाडेकरू उठवायला लावणारे आपल्यातच आहेत. नव्या भाडेकरूची दलाली मिळावी, एवढंच त्यामागचं कारण. बाहेरून आलेला माणूस कोल्हापूरबद्दल काय मत घेऊन जात असेल?

आणि साखळीतले "वरचे पैसे". मालक म्हणतो, मला हातात इतके द्या, वरचे तुमचे. मग चार एजंट एकामागून एक आपापला आकडा वर ठेवत जातात आणि घेणाऱ्याला आपण दलाली किती दिली हे कधीच कळत नाही. यावर फार लिहीत नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

कोणी म्हणेल, या सगळ्यासाठी महारेरा (बांधकाम प्रकल्प आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आहे की. आहे, आणि त्याचा फायदाही झाला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, कलम १० प्रमाणे हिशेबाच्या वह्या ठेवणं, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली जागा न विकणं, अनुचित व्यापारी प्रथा टाळणं हे त्याचं कर्तव्य आहे. मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपयांपर्यंत, आणि एकूण त्या जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड आला. ज्यांनी अभ्यास करून ही परीक्षा दिली, त्यांचं मला कौतुक आहे.

पण हा कायदा नोंदणीकृत प्रकल्पांभोवती फिरतो. शिक्षक काकांचं जुनं घर, बावडा रस्त्यावरचा रिसेलचा फ्लॅट, पाचगावचा गुंठा, वकिलांचं भाड्याचं ऑफिस, यातलं काहीही त्यात येत नाही. कोल्हापुरात माझ्यासारख्या लहान एजंटाचं पोट बहुतेक याच व्यवहारांवर चालतं. म्हणजे जिथं आपण सगळ्यात जास्त काम करतो, तिथं आपल्यावर कोणाची नजर नाही. तिथले नियम आपल्यालाच करावे लागतील. मुंबईहून कोणी येऊन ते करणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. जागेचा पत्ता किंवा गट नंबर दुसऱ्या एजंटाला देण्याआधी दोन ओळींचा मेसेज व्हावा. जागा कोणाची, पार्टी कोणाची, दलालीत वाटा किती. समोरच्यानं "मान्य" असं लिहिलं की मगच पुढची माहिती. ज्याला हा एक शब्द लिहायचा नाही, त्याला गट नंबर द्यायचा नाही, मग तो कितीही जुना मित्र असो. मालकाकडून मुदतीचं लेखी अधिकारपत्र घ्यायची सवय लावू, दोन किंवा तीन महिन्यांचं. त्या मुदतीत बाकीच्यांनी मालकाच्या दारात परस्पर जायचं नाही, पार्टी असेल तर अधिकारपत्र असलेल्या एजंटामार्फत न्यायची. मुदत संपली की मालक मोकळा. यानं कोणाचाही धंदा बुडत नाही.

इसाराचे पैसे एजंटाच्या खिशात राहू नयेत. ते थेट मालकाच्या खात्यात जावेत आणि पावतीवर परतीची अट लिहिलेली असावी. दुसऱ्याच्या जागेबद्दल पूर, वाद, बोजा असं काही माहीत असेल तर ते जरूर सांगा, पण हातात कागद घेऊन आणि त्या एजंटाच्या समोर सांगा. एखाद्याच्या सौद्यात वारसाची सही राहिली असेल तर आधी त्याला फोन करा. तो ऐकत नसेल तर घेणाऱ्याला उघड सांगा. एवढं केलंत तर मी स्वतः तुमच्या बाजूनं उभा राहीन, माझा सौदा मोडला तरी.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. दिवाळीचा स्नेहमेळावा, क्रिकेटचे सामने, सत्कार हे सगळं व्हावंच. पण पार्टी पळवल्याची, खोटा फोटो पाठवल्याची तक्रार घेऊन एखादा सभासद आला तर आज त्याला "आपापसात मिटवा" असं सांगून परत पाठवलं जातं. ज्याची जास्त ओळख, त्याच्या बाजूनं मिटतं. तीन जुन्या सभासदांची तक्रार समिती करा, तिच्यात एक बाहेरचा वकील घ्या, महिन्यातून एक दिवस ठरवा. दोन्ही बाजू ऐका, मेसेज बघा आणि निर्णय लेखी द्या. दुसऱ्यांदा दोषी ठरेल त्याला ग्रुपमधून काढा आणि का काढलं ते सगळ्यांना सांगा. मालक किंवा गिऱ्हाईकालाही त्या समितीपुढे यायची मुभा असू द्या, कारण भरडतो तो तोच.

ज्येष्ठांना हात जोडून सांगतो, नवीन पोरांना दोष देऊ नका. पंचविशीतला मुलगा गाडीचा हप्ता डोक्यावर घेऊन या धंद्यात येतो. त्याला पहिल्या महिन्यात आपण काय शिकवतो? मालकाचा नंबर कसा काढायचा, पार्टीला दुसऱ्या एजंटापासून लांब कसं ठेवायचं. इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा सरकारी गोषवारा) कसा वाचायचा, फेरफाराचा माग कसा काढायचा, प्रॉपर्टी कार्ड आणि जागेवरचं क्षेत्र जुळतं का हे कसं बघायचं, ते त्याला कोण शिकवतं? तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. शनिवारी दोन तास बसवून शिकवा. जागा माझ्या ऑफिसात आहे, खुर्च्या मी देतो.

मला कोणी म्हणालं, "असं लिहिलंस तर लोक आपल्यावरचा विश्वासच गमावतील." मला तसं वाटत नाही. लोकांना हे सगळं आधीपासून माहीत आहे, म्हणून तर ते दारावर "एजंट क्षमस्व" अशी पाटी लावतात. ती पाटी वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. त्या घरमालकाला चांगल्या एजंटाची गरज असते. सर्च कोणी करायचा, कर्जाचे कागद कोणी जुळवायचे, खरेदीच्या दिवशी म्हाताऱ्या मालकाला दुय्यम निबंधक कार्यालयात कोणी घेऊन जायचं, हे सगळं आपणच तर करतो.

दोन ओळींच्या मेसेजचा, अधिकारपत्राचा आणि इसार पावतीचा मसुदा मी तयार केला आहे. एका वकील मित्राकडून तपासूनही घेतला आहे. कोणाला हवा असेल त्यानं ऑफिसात येऊन प्रत घ्यावी, त्यात बदल सुचवावेत, चुका दाखवाव्यात. पदाधिकाऱ्यांनी पुढच्या महिन्यात बैठक लावली तर मी तो घेऊन येतो. या पत्रावर राग असेल त्यांनीही त्या बैठकीला यावं आणि सगळ्यांसमोर बोलावं.

कळावे,
आपला एक व्यवसायबंधू
राजारामपुरी, कोल्हापूर